तांदूळ घरचा की डब्यांचा?

मैत्रिणींनो, घरखर्चाची वही तुम्हीही लिहीत असाल. मी तर लग्न झाल्यापासून लिहिते आहे. दूध, भाजी, वाणसामान, गॅस, मुलांची फी, महिनाअखेरीस बेरीज आणि मग एक सुस्कारा! या वहीच्या जोरावर मला वाटायचं की आपल्याला हिशेब येतो. हा गैरसमज गेल्या वर्षी शाळेनं दूर केला.

मी बी.ए. आहे. सकाळचं आवरून गावातल्या एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. जूनमध्ये मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "अकरावीला कॉमर्सला गेलेली आपली मुलं पुस्तपालनाला फार घाबरतात. नववीसाठी दहा शनिवारांचा ओळखवर्ग आखून द्या. तुम्ही संसारी बाई, तुम्हाला काय अवघड?" आता यावर नाही कसं म्हणणार?

घरी येऊन अकरावीचं पुस्तक उघडलं. नावे, जमा, देयता, भांडवल... चार पानांत डोळे फिरले! आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. सारी हयात अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. त्यांच्याकडे गेले. ते हसून म्हणाले, "नियम नंतर सांगा हो. आधी मुलांना दोनच प्रश्न विचारायला शिकवा. काय आलं? आणि त्याच्या बदल्यात काय गेलं?"

माझ्या वहीत नुसतं ‘दूध 60’ असायचं. काकांच्या हिशेबात दूध आलं ही एक नोंद आणि रोकड गेली ही दुसरी. दूधवाल्याचे पैसे राहिले असतील, तर दूध आलं आणि त्याचं देणं अंगावर आलं. प्रत्येक व्यवहाराला अशा दोन बाजू असतात, म्हणून ही द्विनोंदी पद्धत. व्हेनिसचे व्यापारी ती वापरत. 1494 मध्ये लुका पाचोली या गणिती धर्मगुरूनं ती आपल्या ग्रंथात छापून जगापुढे ठेवली. इतिहास शिकवणाऱ्या मला हे ठाऊक नव्हतं, याची जरा लाजच वाटली.

मग आखणी केली. पहिले दोन शनिवार पावत्या आणि साध्या नोंदी. पुढचे दोन, दोन बाजू आणि नावे-जमेचे नियम. मग रोजकीर्द, खतावणी, तेरीज. शेवटी नफातोटा आणि ताळेबंद. दहाव्या शनिवारी उजळणी. आखणी कशी छान दिसत होती!

आणि पहिल्याच शनिवारी मी चुकले. "घरचा आठवड्याचा जमाखर्च लिहून आणा," असा गृहपाठ दिला. पुढच्या शनिवारी मुलं वाचून दाखवू लागली. एका मुलीची वही कोरी. मी सगळ्यांदेखत विचारलं, "का गं, घरी काही खर्चच होत नाही का?" वर्ग हसला. तिनं मान खाली घातली.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिची आई आली. आवाज चढवला नाही, पण म्हणाली, "बाई, आमच्यावर कर्ज आहे. ते पोरीनं वर्गात वाचायचं का?"

मला उत्तर सुचेना. आपल्याच घरची वही कुणी चारचौघांत वाचली, तर मला चाललं असतं का? मी त्यांची माफी मागितली. वर्गात गेल्यावर मुलीचीही मागितली. त्याच रात्री आखणी बदलली. घरचा हिशेब कुणी आणायचा नाही. साऱ्या वर्गाचं मिळून एक खोटं खोटं दुकान, मावशींचं खाऊचं.

मावशींनी 5,000 रुपये भांडवल घातलं. 1,500 चा वजनकाटा घेतला. 2,000 चा माल रोखीनं आणि 1,000 चा उधारीवर आणला. सगळा माल 3,600 ला विकला. त्यातले 2,800 रोख आले, 800 ची उधारी राहिली. रिक्षा-पिशव्यांना 200 गेले. आता गल्ल्यात किती? 4,100. "बाई, 900 रुपये तोटा!" सारा वर्ग ओरडला.

थांबा म्हटलं. विक्री 3,600. त्यातून मालाचे 3,000 आणि खर्चाचे 200 वजा केले, तर 400 रुपये नफा! मग गल्ल्यात कमी का? कारण काटा दुकानात उभा आहे आणि 800 लोकांकडे आहेत. फळ्यावर ताळेबंद मांडला. एकीकडे रोकड 4,100, काटा 1,500, येणं 800. दुसरीकडे भांडवल 5,000, नफा 400, व्यापाऱ्याचं देणं 1,000. दोन्हीकडे 6,400! मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

मग मी विचारलं, "मावशींनी गल्ल्यातून घरासाठी 500 घेतले, तर तो दुकानाचा खर्च का?" नाही. ती मालकाची उचल. दुकान वेगळं, मावशी वेगळ्या. नफा 400 आणि उचल 500, म्हणजे मावशींनी 100 रुपये भांडवलातले खाल्ले.

कोरी वही आणणारी ती मुलगी तास संपल्यावर मागे रेंगाळली. "बाई, आईच्या डब्यांचा हिशेब असा करता येईल?"

तिची आई बारा जणांना जेवणाचे डबे देते. यावेळी मीच त्यांना घरी चहाला बोलावलं. महिन्याला 30,000 येतात, 28,000 जातात, हाती राहतात 2,000. घरातले म्हणत, "एवढं राबून दोन हजार? बंद कर तो उद्योग." मी काकांचा प्रश्न विचारला. तांदूळ आला, तो गेला कुठे? तर डब्यांत आणि घरच्या पाच माणसांच्या ताटांतही! महिनाभर दोन वह्या केल्या. घरी लागलेला शिधा, भाजी, गॅस यांचे साधारण 9,000 निघाले. म्हणजे डब्यांचा खर्च 19,000 आणि नफा 11,000. त्यातून घर जेवत होतं आणि घरालाच ते माहीत नव्हतं. त्या बाई आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे एका कागदावर नीट लिहून द्या. ह्यांना दाखवते." कर्ज काही लगेच फिटलं नाही, पण डबे बंद करायची भाषा थांबली.

मोठ्या बाई परवा म्हणाल्या, "आता हे सगळं संगणकच करतो." करतो ना! बेरीज बिनचूक करतो. पण तांदूळ घरचा की डब्यांचा, हे त्याला माणसानंच सांगायला लागतं. यंदाच्या आखणीत उचलीला मी एक पूर्ण शनिवार दिला आहे.

तुम्हीही एक करून बघा. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा. एकात आपल्याजवळ काय आहे आणि कुणाकडून काय यायचं आहे. दुसऱ्यात कुणाचं काय द्यायचं आहे. फोनवरून दिलेले पैसेही लिहायचे, पर्स हलकी झाली नाही म्हणून विसरायचे नाहीत. शिवण, शिकवणी, डबे असं काही करत असाल, तर त्याची वही वेगळी ठेवा आणि तिथून घरात काय आलं ते ‘उचल’ म्हणून लिहा.

मी माझ्या पगाराचं पान असंच मांडलं. आमच्याकडे त्याला इतकी वर्षं ‘वरखर्चाचे पैसे’ म्हणत. वर्षाचा आकडा बघितल्यावर हे म्हणाले, "अगं, धाकट्याची फी सगळी यातूनच गेली की!"

मी म्हटलं, "हो. फक्त लिहिलं नव्हतं कुणी."