शिडीचा आहेर

भाच्याच्या वास्तुशांतीला मी अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी दिली. त्यावरून जे ऐकून घेतलं ते अजून विसरता येत नाही.

कल्याणला खडकपाड्यात त्याने फ्लॅट घेतला. कर्ज, वर मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणीचे ३० हजार. ताबा मिळाला तेव्हा छताला नुसते हुक आणि भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी. पंखे, पडद्याचे रॉड, बाल्कनीतल्या दोऱ्या, सगळं त्यालाच करून घ्यायचं होतं. म्हणून डोंबिवलीहून लोकलच्या मालडब्यातून, कोळणींच्या टोपल्या सांभाळत, आम्ही दोघांनी शिडी नेली.

पूर्णाहुती नुकतीच झाली होती. भाचेसुनेच्या आत्याबाईंनी शिडी बघितली आणि भर हॉलमध्ये म्हणाल्या, "अगं बाई, मला तर तिरडीच आठवली!" हसणारे हसले, बाकीचे गप्प झाले. विहीणबाईंनी गुरुजींना विचारलं. त्यांनी पळवाट काढली. शास्त्रात असं काही नाही, म्हणाले, पण मनात किंतु आला असेल तर आज बाहेर ठेवा. झालं! शिडी लिफ्टशेजारी, आग विझवायच्या पाइपाला टेकून उभी. भाचा "मावशी, तू मनावर घेऊ नकोस" म्हणाला, पण आत आणली मात्र नाही. आत कोण होतं? काचेचे गणपती, लाफिंग बुद्धा आणि भिंती कमी पडतील इतकी घड्याळं. आता ती लावायला स्टुलावर खुर्ची ठेवून चढणार का? हे मी तिथे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे मोहिली, बारावे जलशुद्धीकरण केंद्रांच्या दुरुस्तीसाठी अधूनमधून पाणी बंद असतं, तर झाकणाचं मोठं पिंप द्या. एक्स्टेंशन बोर्ड द्या, ड्रिल मशीन द्या. चार नातेवाइकांनी मिळून गीझर द्या. आधी फोन करून विचारा, त्यात कसली लाज?

पण खरं सांगायचं तर आमच्या वास्तुशांतीला मिक्सर कोणी दिला होता हे मला आठवत नाही. मावससासूबाईंनी दिलेला शिंपल्यांचा गणपती मात्र शोकेसमधून हलवू दिलेला नाही. त्याचा उपयोग शून्य, शिवाय धूळ धरतो.

पुढच्या रविवारी ठाण्याला घोडबंदर रोडवर शेजाऱ्यांच्या मुलीची वास्तुशांत आहे. या वेळी विचारलंच. "काकू, पाकीटच द्या," ती म्हणाली. हे म्हणतात ५०१ घालू, मी म्हणते एवढ्यात हल्ली नळाची तोटीही धड येत नाही.