डोव्हरच्या कड्यावरून

इंग्लंडचा नकाशा ज्यांनी शाळेत काढला असेल, त्यांना त्याच्या आग्नेय कोपऱ्यात समुद्रात शिरलेले केंट परगण्याचे नाक आठवत असेल. त्या नाकाच्या शेंड्यावर डोव्हर हे गाव वसले आहे. समोर फ्रान्सचा किनारा आणि मध्ये अवघा 33 किलोमीटरांचा समुद्र. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्री राजाने बांधविलेला किल्ला टेकडीवर उभा आहे व त्याला पूर्वापार इंग्लंडची किल्ली म्हणतात. किल्लीचे काम दार उघडण्याचे, तसेच लावून घेण्याचेही. ही दोन्ही कामे गेल्या पन्नास वर्षांत या गावाने कशी पाहिली, ते प्रत्यक्ष अवलोकन करण्याचा योग आम्हांस 2025 च्या ऑगस्टमध्ये आला.

आम्ही उभयता लंडनास पुतण्याच्या घरी उतरलो होतो. ब्रसेल्स येथे आमच्या पुतणीच्या मुलीचे बारसे होते, आणि तेथे मोटारीने, डोव्हरवरून बोटीने जावे असे ठरले. आदल्या रात्री सूनबाईंनी हौसेने पेढे केले व डबा सामानात ठेवला. पुतण्याने तो पाहिला मात्र, म्हणाला, “काका, हा डबा पलीकडे नेता यावयाचा नाही. दुधाचा जिन्नस आहे.” आम्हांस ती थट्टा वाटली. भावाने बहिणीकडे बारशाचे पेढे न्यावयाचे नाहीत, हा कोणता कायदा? परंतु तो थट्टा करीत नव्हता. पाच वर्षांपूर्वी हाच डबा कोणी उघडूनही पाहिला नसता. 2021 च्या 1 जानेवारीपासून मात्र ब्रिटनहून युरोपीय संघाच्या मुलखात जाणाऱ्या प्रवाशास दूध व मांस यांचे पदार्थ बरोबर नेण्याची मनाई आहे. ब्रिटन आता त्या घरचा राहिला नाही, परका झाला.

सकाळी निघालो. ॲशफर्ड गाव जवळ आले तेव्हा पुतण्याने सेव्हिंग्टन येथील विस्तीर्ण आवार दाखविले. युरोपातून येणाऱ्या अन्नपदार्थांच्या ज्या मालमोटारी तपासणीसाठी निवडल्या जातात, त्यांना बंदरापासून सुमारे 35 किलोमीटर आत येऊन येथे थांबावे लागते. ही प्रत्यक्ष तपासणी 2024 च्या एप्रिलअखेर सुरू झाली. त्या मालमोटारींकडे पाहून आमच्या डोळ्यांपुढे मुलुंडचा जकात नाका उभा राहिला. मुंबईचे नाके 2017 च्या 1 जुलैस, वस्तू व सेवा कराबरोबर, बंद झाले. आम्ही आपल्या घरातले नाके काढीत होतो, त्याच सुमारास इंग्रज आपल्या दारात नवा नाका बसविण्याच्या तयारीत होता!

बोटीस अवकाश होता, म्हणून आम्ही पांढऱ्या कड्यांवरील पायवाटेने चढून गेलो. खडूचे ते प्रचंड कडे शंभर मीटरांहून अधिक उंच आहेत. खाली पूर्वेकडील धक्का एखाद्या पटासारखा पसरलेला दिसतो. बोटी येतात, त्यांच्या पोटातून मालमोटारी बाहेर पडतात, दुसऱ्या आत शिरतात. डोळ्यांना हा खेळ मोठा सुरेख दिसतो. त्यामागे कागदांचे केवढे डोंगर आहेत ते वरून दिसत नाही.

येथे थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. ब्रिटन 1973 च्या 1 जानेवारीस युरोपीय आर्थिक समूहात सामील झाला व दोन वर्षांनी जनमताचा कौल घेतला असता दोन तृतीयांश लोकांनी तेथेच राहण्यास संमती दिली. पुढे सर्व सभासद देशांची मिळून एकच बाजारपेठ 1993 च्या आरंभी अस्तित्वात आली. तिच्या उभारणीत मार्गारेट थॅचर यांच्या सरकारचा मोठा पुढाकार होता, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणातून गेली आहे. त्या दिवशी डोव्हरची जकात तपासणी युरोपच्या मालापुरती संपली आणि जकातीचे कागद करून देणाऱ्या अनेक अडत्यांचा धंदा बसला. मग 2016 च्या 23 जूनला पुन्हा कौल झाला, शेकडा 51.9 मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. डोव्हर तालुक्यात तर हे प्रमाण शेकडा 62 होते. त्या रात्री पौंडाचा भाव कोसळला व डॉलरच्या तुलनेत 1985 नंतरच्या नीचांकास गेला. प्रत्यक्ष विभक्तपणा 2020 च्या 31 जानेवारीस झाला आणि त्या वर्षअखेर एकत्र बाजारपेठही सुटली. कागद करणारे अडते पुन्हा आले. काम वाढले खरे, पण त्या कामाने एक दाणाही अधिक पिकत नाही.

बंदराजवळच्या एका घराच्या भिंतीवर बँक्सी या अज्ञात चित्रकाराने 2017 साली एक भव्य चित्र काढले होते. युरोपच्या निळ्या निशाणावरील बारा ताऱ्यांपैकी एक तारा शिडीवर चढलेला कारागीर छिन्नीने फोडीत आहे, असे ते चित्र. 2019 साली कोणीतरी त्यावर पांढरा रंग फासला; पुढे ते घरही पाडण्यात आले. आम्ही ते पाहू शकलो नाही.

कड्यावर बसल्यावर पुतण्याने आपली हकीकत सांगितली. त्याने व सूनबाईंनी राहत्या घराच्या मागील दोन खोल्यांत फराळाचा लहानसा व्यवसाय मांडला होता. गोडा मसाला, चिवडा, चकल्या, पेढे. जर्मनी व नेदरलंड्समधील मराठी घरांतून दिवाळीपूर्वी मागणी येई आणि पार्सल तिसऱ्या दिवशी पोहोचे. 2021 पासून प्रत्येक पेटीस जकातीचा कागद लागू लागला. पेढ्यांसाठी सरकारमान्य पशुवैद्याचा दाखला हवा. त्याचे शुल्क पेढ्यांच्या किमतीहून अधिक! मसाल्याचे दुखणे निराळे. ब्रिटन व युरोप यांच्या करारात जकात माफ आहे, ती ब्रिटनमध्ये निपजलेल्या मालास. भारतातून आलेला मसाला लंडनात पुड्यांत भरला म्हणून तो ब्रिटिश होत नाही. शिवाय गिऱ्हाइकाच्या दारात टपालवाला कर मागू लागला. दोन दिवाळ्या त्यांनी तोटा सोसून काढल्या, तिसऱ्या वर्षी शेगडी विझविली. सूनबाई दूर समुद्राकडे पाहत होत्या. एवढेच म्हणाल्या, “काका, पत्त्यांची वही मात्र मी टाकलेली नाही.”

ही एका घरची गोष्ट झाली. परंतु ती एका घरापुरती नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यासकांनी 2024 च्या अखेरीस काढलेल्या हिशेबाप्रमाणे सुमारे 16,400 ब्रिटिश पेढ्यांनी युरोपास माल पाठविणे बंद केले. मोठ्या कारखान्यांनी कागद सांभाळणारे कारकून नेमले व निभावून नेले. लहान दुकानदार गळाले. सरकारी अंदाजपत्रकावर देखरेख करणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या संस्थेच्या अदमासाने, संघात राहिल्यास जी उत्पादकता झाली असती तिच्यापेक्षा ती कालांतराने शेकडा 4 नी कमी राहील आणि आयात व निर्यात दोन्ही शेकडा 15 नी घटतील. उलट बाजूस स्वतंत्रपणे करार करण्याची मोकळीक मिळाली, हेही नमूद केले पाहिजे. भारताशी 2025 च्या 24 जुलैस झालेला करार हे त्याचेच फळ. परंतु त्यापासून होणारा लाभ खुद्द ब्रिटिश सरकारने वर्षाला 480 कोटी पौंड, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या हजारांत सुमारे सव्वा हिस्सा, इतकाच धरला आहे. शेजारची पेठ दुरावली असता दूरच्या पेठेने ती भर सहजासहजी निघत नाही.

मग या लोकांनी असे का केले? आमच्या शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी आपण होऊन बोलणे काढले. आपण बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, हे त्यांनी निःसंकोचपणे सांगितले. “पैशांसाठी दिले नाही,” ते म्हणाले. “आमचे कायदे आम्ही निवडलेल्या माणसांनी करावेत, म्हणून दिले. थोडे कमी खाऊ. पण घर आमचे.” या उत्तराचा उपहास करणे आम्हांस योग्य वाटले नाही. परक्या हुकमाचा सल आमच्या देशाला ठाऊक आहे. परंतु मते मागताना तांबड्या बसवर दर आठवड्यास 35 कोटी पौंड युरोपास जातात, ते रुग्णालयांस देऊ, असे लिहिले होते. त्यात परत मिळणारी सूट धरलेलीच नव्हती. परदेशस्थ लोक कमी येतील असेही पुष्कळांनी मानले. प्रत्यक्षात युरोपीय मजूर घटले, पण 2023 च्या जूनपर्यंतच्या एका वर्षात निव्वळ आगमन नऊ लाखांवर गेले आणि त्यात भारतातून आलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा होता! “थोडे कमी खाऊ” हे आधी सांगून मत मागितले असते, तर कौल काहीही लागो, तो प्रामाणिक ठरला असता.

एकत्र कुटुंबात राहिलेल्या आमच्या वाचकांस हे प्रकरण अपरिचित वाटणार नाही. वाटणी मागणाऱ्या भावास सामाईक खर्चात आपण घातलेला रुपया बिनचूक आठवतो. सामाईक विहिरीचे पाणी, एका निरोपासरशी होणारी कामे, न मागता मिळणारी सोबत, यांची नोंद कोणत्याच वहीत नसते. वेगळे व्हावयाचा हक्क कोणाचाही नाकारता येत नाही. कित्येकदा ते उचितही असते. मात्र त्याचा खर्च वाटणीपत्राच्या दिवशी कळत नाही. तो पुढे रोज थोडा थोडा, आणि बहुधा घरातल्या सर्वांत लहानाकडून, वसूल होतो. 2025 च्या मे महिन्यात लंडन येथे दोन्ही पक्षांनी अन्नपदार्थांवरील तपासणी हलकी करण्याच्या वाटाघाटींस मान्यता दिली. त्याच वेळी युरोपच्या कोळ्यांस ब्रिटनच्या पाण्यात 2038 पर्यंत मासे धरण्याची मुभा मिळाली. दोन चुलींमधली भिंत राहील. तिला एखादी खिडकी पडावी, एवढीच ही आशा.

बोटीची वेळ झाली. खाली उतरण्यापूर्वी आमच्या कुटुंबाने पेढ्यांचा डबा उघडला. बारशाचे पेढे बारशापूर्वीच, कड्यावर बसून, आम्ही चौघांनी खाल्ले. त्या वृद्ध गृहस्थांसही दोन दिले. त्यांनी ते आवडीने खाल्ले व कोठे मिळतात म्हणून विचारले. सूनबाई हसल्या, पण काही बोलल्या नाहीत.

धक्क्यावर फ्रेंच अधिकाऱ्याने आमचा व्हिसा पाहिला. आम्हांस तो पूर्वीही लागतच असे. पुतण्याच्या ब्रिटिश पारपत्रावर मात्र त्याने शिक्का उमटविला. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांहून अधिक त्याला पलीकडे राहता यावयाचे नाही. बोट सुटली. पांढरे कडे हळूहळू मागे पडू लागले. सूनबाईंनी रिकामा डबा पुसून पिशवीत ठेवला होता.