सापळ्यात येतात ते मोठेच

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातली शेवंड समजा, सहसा वीतभराच्या आतलीच. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या ओढ्यांत मी ज्याच्यावर पीएचडी करते आहे तो सिग्नल क्रेफिश मात्र तिथला नव्हेच. मूळचा उत्तर अमेरिकेचा. स्वीडनमार्गे १९७६ साली तो इंग्लंडात आणला, तोही सरळ धंद्यासाठी: तळ्यात वाढवायचा आणि हॉटेलांना विकायचा. हा प्राणी ओल्या गवतातून चालत पुढचं पाणी गाठतो, हे तळी खोदणाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नसावं.

मी सिंधुदुर्गातली. पहिला पाऊस पडला की बत्ती घेऊन काकांच्या मागे व्हाळात कुर्ल्या धरायला जायचे. त्यामुळे नांगीवाल्या प्राण्यांतलं आपल्याला कळतं, ही घमेंड मी इथे सोबत घेऊनच आले.

पहिल्या उन्हाळ्यात सापळे लावले. जाळीचा लांबट पिंजरा, दोन्ही तोंडांना आत वळलेली नरसाळी, मध्ये माशाच्या डोक्याचं आमिष. संध्याकाळी टाकायचा, सकाळी ओढायचा. वर येताना आत नुसता खडखडाट. तपकिरी पाठ, जाडजूड नांग्या आणि नांगीच्या सांध्यावर निळसर पांढरा ठिपका. पूर्वी रेल्वेचा सिग्नलवाला निशाण दाखवायचा, त्यावरून हे नाव पडलं. प्रत्येकाचं कवच व्हर्नियरने मोजायचं, नर की मादी लिहायचं. पुन्हा पाण्यात सोडायचा नाही, कायद्याने मनाई आहे.

उन्हाळा सरत गेला तसे सापळे हलके येऊ लागले. मी आलेख काढला. रेघ सुरेख उतरती. वार्षिक अहवालात बेधडक लिहून टाकलं की सातत्याने सापळे लावले तर ओढा आटोक्यात येतो. माझ्या गाइडनी समासात एवढंच विचारलं, “छोटे कुठे आहेत?” मी उत्तर पाठवलं, “छोटे कमी असावेत.” तो ई-मेल अजून आहे. मधूनमधून उघडून बघते.

छोटे कमी नव्हते. चार दगड उलटले असते तरी दिसले असते. पिल्लं जाळीतून निसटतात हे एक. शिवाय ज्या पिंजऱ्यात मोठा नर बसलाय तिथे पिल्लू शिरत नाही. शिरलंच तर त्याचा नाश्ता होतो. याच यॉर्कशरमधल्या एका ओढ्यात संशोधकांनी बांध घालून, पाणी उपसून, पुन्हा भरू देऊन पुन्हा उपसून तळ हातांनी वेचला होता. २०२१ साली तो अभ्यास छापून आला. काही जागी चौरस मीटरला शंभराहून जास्त क्रेफिश निघाले आणि सापळ्यात येण्याइतके मोठे त्यात शेकडा दोन-तीनच. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. निबंध वाचलेला होता, पिवळ्या पेनाने रंगवलेला होता, माझ्या प्रस्तावात त्याचा संदर्भही होता. फक्त आपला ओढा वेगळा असेल असं मी धरून चालले होते. मोठे नर काढले की पिल्लांना खाणारे कमी होतात. म्हणजे बंदोबस्ताच्या नावाखाली मी तिथे पाळणाघर चालवत असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी चूक सांगायला जास्त जड जाते.

डोंगराच्या पलीकडच्या एका ओढ्यात अजून देशी, पांढऱ्या नांगीचा क्रेफिश टिकून आहे. त्याला हात लावायलाही परवाना लागतो. सिग्नल क्रेफिशच्या अंगावर बुरशीसारखा एक जीव असतो. त्याने सिग्नलचं सहसा काही बिघडत नाही, पण देशी क्रेफिशचे ओढेच्या ओढे ओस पडतात. त्यासाठी सिग्नलने स्वतः तिथे जायची गरज नाही. ओल्या बुटातून किंवा जाळीतून आलेलं थोडं पाणी पुरतं. म्हणून नियम साधा: आधी देशी ओढा, मग सिग्नलचा, आणि मधल्या काळात सगळं सामान जंतुनाशकात बुडवून कडकडीत वाळवायचं.

त्या आठवड्यात पावसाचा अंदाज होता म्हणून मी क्रम उलटा केला. बूट धुतले, जाळी बुडवली, सगळं वाळवलं. लांब रबरी हातमोजे तेवढे डिकीत टॉवेलखाली राहिले. देशी ओढ्यात वाकून दगडाखाली हात घातला तेव्हा मोजा आतून आधीच ओला लागला. पाणी कोपराच्या खूप खाली होतं, वरून आत शिरणं शक्यच नव्हतं. हा ओलावा कालच्या ओढ्याचा होता.

मी लगेच बाहेर आले. गाइडना मात्र लगेच सांगितलं नाही, रात्र जाऊ दिली. सकाळी फोन केला तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. परवाना देणाऱ्यांना कळवायचा मजकूर त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. त्यात “अनवधानाने” हा शब्द मी दोनदा घातला होता, त्यांनी दोन्ही वेळा खोडला. पुढे हंगामभर त्या ओढ्यावर लक्ष ठेवलं. मेलेला क्रेफिश सापडला नाही. पण त्यात माझं कौतुक काहीच नाही. मोज्यात रोगाचे बीजाणू नसतील किंवा तगले नसतील, इतकंच.

बारीकसारीक चुका आणखी आहेत. पिल्लांच्या नांगीवरचा ठिपका नीट दिसत नाही, म्हणून काही सिग्नल पिल्लं मी फोटोवरून देशी म्हणून नोंदवली. देशी क्रेफिशच्या कवचावर मानेच्या खाचेमागे बारीक काटे असतात, ते नखाला लागतात. सिग्नलची तीच जागा गुळगुळीत. फोटोला नख कसं लावणार! त्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या.

आता मी दगड उलटते. पाठ भरून येते, आणि दिवसाकाठी जेमतेम खोलीएवढा तळ बघून होतो. अहवालातलं ते वाक्य प्रबंधात नाही. आलेख ठेवलाय, फक्त मथळा “ओढ्यातील संख्या” होता तो “सापळ्यात आलेली संख्या” असा केलाय. गाइड म्हणतात, परीक्षक तुला इथेच अडवणार. अडवू देत. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या पिल्लांची बाटली मी सोबत नेणार आहे.