तोंडानं कमी, बोटांनी पुरेपूर

कमी लेखणं ही केवढी पोचलेली कला आहे हे बघायचं असेल, तर जयपूर गाठा! हवामहाल राहू द्या, आमेरचा किल्लाही पळून जात नाही. सरळ जौहरी बाजारात शिरा आणि ‘गोपालजी का रास्ता’ विचारा. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेलं हे शहर आज रंगीत रत्नांना पैलू पाडण्याचं जगातलं मोठं केंद्र आहे. इथे रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या कागदाच्या पुड्या उलगडतात आणि आत लाखमोलाचा ऐवज असतो.

अशीच एक पुडी उलगडली. आत पाचू, इकडे त्याला पन्ना म्हणतात. घेणाऱ्यानं तो चिमट्यात धरला, उजेडाकडे फिरवला आणि असं काही तोंड केलं, की जणू कुणी बाटलीची काच हातात दिली असावी. रंग फिका, चीर फार, पानी कम! मला वाटलं, आता विकणारा भडकणार. छे, तो मजेत! माल नको असता तर हा गडी नावं ठेवत इतका वेळ थांबलाच नसता, हे त्याला पक्कं ठाऊक. पाचूत निसर्गतःच चिरा असतात, त्या झाकायला खड्यात तेल मुरवायची रीतही जुनी आहे. तेव्हा ‘चीर फार’ ही तक्रार नव्हेच, ती भावाची सुरुवात.

मग विकणारा हसून म्हणाला, “इतना कम मत आँकिए, भाईसाब.” आणि मी तिथल्या तिथे उडालोच! आँकना म्हणजे अंक घालणं, आकडा ठरवणं. आपलं लेखणंही तेच की: हिशोबात धरणं. लेखाजोखा, माझ्या लेखी, सगळी एकाच खातेवहीतली पानं. म्हणजे कमी लेखायचं तर आधी नीट लेखावं लागतं! ज्याला खरंच काडीची किंमत नाही, तो खिजगणतीतही नसतो. त्याला कमी लेखायचे कष्ट कोण घेणार? आणि आपण माणसाचं ‘पाणी जोखतो’ तेही या खड्यामोत्यांचंच, त्यांच्या तेजाचं. मराठीत केवढा सराफकट्टा भरलाय!

थांबा, अजून आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या दक्षिणेतल्या हिऱ्यांच्या खाणींवर आला होता. तिथले व्यापारी कापडाखाली हात घेऊन, एकमेकांची बोटं दाबून न बोलता सौदा करत, हे त्यानं लिहून ठेवलंय. हा तर आपला हत्ता! शेतमालाच्या बाजारात तो कायद्यानं बंद झाला, पण गुरांच्या बाजारातला हेड्या, म्हणजे गुरांचा व्यापारी, अजून उपरण्याखाली हात घालतो. वर तोंडानं बैलाचे दात, खूर, वशिंड, चाल, एकूणएक गोष्टीला नावं ठेवणं चालू. खाली बोटं मात्र खरा आकडा सांगत असतात. कमी लेखणं आणि लेखणं, एकाच माणसाकडून, एकाच क्षणी!

पन्ना शेवटी कितीला गेला ते कळलं नाही. आकडा कानात सांगितला गेला. पुण्याला पोचलो की पहिला चाकणचा बैलबाजार. कुणी येतंय का बरोबर?