सायकलस्वाराची शिदोरी

प्रवासास निघताना शिदोरी बांधावी, ही आपली जुनी रीत. सायकलस्वाराची शिदोरी मात्र लोखंडाची व रबराची असते. खजुरीच्या शिवारात बाभळी पुष्कळ; आमच्या कोकणीत ज्याला 'कांटो' म्हणतात, तो येथे वाटेवरच पडलेला! आळंदच्या रस्त्यावर सायंकाळी चाक बसले, तर जवळ दुकान नसते आणि शाळेतून परतणाऱ्या मुलीला सायकल ढकलीत अंधारात चालावे लागते.

म्हणून आम्ही मोजकेच घेतो: टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, रबराची ठिगळे, सोल्यूशन, पॉलिशपेपर आणि आपल्या नटांना नेमका बसणारा पाना. अनेक तोंडांचा पाना देखणा खरा; पण नटावरून घसरला, तर व्यर्थ.

पंपाची निवड अधिक विचाराची. त्याचे तोंड आपल्या व्हॉल्व्हला बसते की नाही, हे आधी पाहावे. रुंद नळीचा पंप हवा लवकर भरतो. परंतु टायर घट्ट होऊ लागताच बळ फार लागते. बारीक नळीला दाबे अधिक मारावे लागतात, पण जोर कमी पुरतो. लहानांनी बारीक नळीचाच घ्यावा, असे आमचे मत आहे.

१९२३ साली मुंबईहून निघालेले आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा सायकलीने जगप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. वाटेतल्या वाळवंटात दुकान कुठले? भरवसा स्वतःच्या हातांचाच.

विद्यार्थिमित्रहो, हातास न कळणारे अवजार म्हणजे केवळ ओझे. येत्या रविवारी अंगणात एकदा चाक उघडून पाहाच!