सुटकेच्या नोंदी

१.
भानामतीवर विश्वास आहे का, असे बीडमध्ये कुणाला विचारू नये. सगळे नाही म्हणतात. मग पलीकडच्या आळीत कुणाच्या घरात कपडे आपोआप पेटले, ते तपशिलाने सांगतात.

२.
माजलगावकडच्या रस्त्याला पत्र्याची शेड, दारावर 'प्रार्थना भवन'. शुक्रवारची उपास-प्रार्थना. बाहेर चपलांचा ढीग, बहुतेक बायकांच्या. आत एक मावशी साक्ष देतात: दर अमावास्येला अंगात यायचं, तीन देवऋषी झाले, दोन बकरी गेली, गळ्यातलं डोरलं मोडलं, मग येशूच्या नावानं सुटलं. खर्चाचा हिशेब पाठ. आजार कोणता होता, हे त्या सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही.

३.
देवऋषी भुताला नाव विचारतो. पास्टरही विचारतात. देवऋषी पुढे घासाघीस करतो: नारळ घे, कोंबडं घे, पण झाड, म्हणजे धरलेलं माणूस, सोड. पास्टर काही देऊ करत नाहीत, नुसते हुकूम सोडतात. भूत आहे, यावर दोघांचे एकमत.

४.
मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय. भुते डुकरांत शिरतात आणि सुमारे दोन हजारांचा कळप सरोवरात बुडतो. ज्याच्यातून ती निघाली तो साखळदंड तोडणारा वेडा कपडे घालून शहाण्यासारखा बसलेला दिसतो, आणि गाव घाबरते ते तेव्हा. येशूला विनवतात, आमच्या हद्दीतून जा. डुकरांची भरपाई कुणी दिली, ते मार्क लिहीत नाही.

५.
२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. भूत उतरवतो म्हणून मारले, दोरखंडाने बांधले, मिरचीची धुरी दिली तर गुन्हा. प्रार्थना गुन्हा नाही. प्रार्थनेत आवाज किती चढवावा, हे कायद्यात नाही.

६.
पोतराज. नवस आईचा, केस मुलाचे. कोरडा स्वतःच्याच अंगावर ओढायचा आणि पैसे बघणाऱ्यांनी टाकायचे.
ते केस कापायला तिघे येतात: अंधश्रद्धा निर्मूलनवाले, चळवळीतली पोरे, पास्टर. कात्री एकच. कापल्यावर काय बोलायचे, ते तिघांचे वेगळे. आणि केस उतरल्यावर उद्यापासून खायचे काय, हा चौथा प्रश्न त्याच्या बायकोचा.

७.
अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी. 'विवेकसिंधू' परंपरेने शके १११०. मुक्तीवर लिहायला या जिल्ह्याने कुणा मिशनऱ्याची वाट पाहिली नाही.

८.
नारायण शेषाद्री, ब्राह्मण, मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत पाठोपाठ मिशनाच्या घरी गेला, तर बाप कोर्टात गेला. कोर्टाने मुलगा बापाला दिला. मग त्याला जातीत घ्यायचा की नाही, यावर मुंबईचा ब्राह्मणसमाज दुभंगला. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणणाऱ्यांत होते. आत जायला वेळ लागला नव्हता. परत यायला शास्त्रार्थ.
नारायणरावांनी पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, बेथेल हे गाव वसवले. बीडही तेव्हा त्याच मुलखात होते.

९.
पंडिता रमाबाई. १८८३, इंग्लंडमधले वाँटेज, बाप्तिस्मा. तिथल्या मठातल्या सिस्टरांनी दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. बाईंना ती संस्कृतात हवी होती. मांस नाही, अंडे नाही, अंडे घातलेले पुडिंगही नाही. सिस्टर जेराल्डिन यांना यात जुना जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी कळवले त्याचा आशय असा की, इथल्या भटांच्या जोखडातून मोठ्या मुश्किलीने मान काढली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडात घालणार नाही.
गंमत पुढेच आहे. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. म्हणजे बाप्तिस्मा आधी आणि सुटका मागाहून. त्यांच्या केडगावच्या संस्थेचे नाव मात्र 'मुक्ती'.
शेडमधल्या मावशींना हे सांगायला हवे होते. त्यांचे सगळे एका शुक्रवारात झाले.

१०.
लक्ष्मीबाई टिळकांचे सोवळे बाप्तिस्म्याच्या आधीच सुटले. त्यांचे पती नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनातून बाहेर पडले, संन्यासी म्हणवू लागले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

११.
दाखला.
१९५० चा राष्ट्रपतींचा आदेश: अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर.
मद्रासच्या सूसाई नावाच्या चांभाराला सरकारी योजनेतली टपरी मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. रस्त्याकडेला बसून जोडे शिवत होता, तरी. सुप्रीम कोर्टाने १९८५ साली म्हटले, धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच राहतो, हे दाखवून दिलेले नाही.
मांगवाड्यातल्या एका मुलाला विचारले, रविवारी कुठे जातोस? चर्चला. दाखल्यावर काय आहे? हिंदू मांग. मग देवाला काय सांगतोस? म्हणाला, "देव कुठं दाखला मागतो? कालेज मागतंय."

१२.
३१ मे १९३६, मुंबई. बाबासाहेबांच्या भाषणाचे नाव 'मुक्ती कोन पथे?'. शेवटी प्रश्नचिन्ह आहे. धर्मांतर वीस वर्षांनी.

१३.
वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली. ऊसतोडीची उचल संपली नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, हंगामाआधी उचल, एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड.

१४.
पौलाचे फिलेमोनाला पत्र. अनेसिम हा पळालेला गुलाम. पौल त्याला मालकाकडेच परत धाडतो. सोबत लिहितो की आता हा भाऊ समज, आणि याचे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे.
उचलीच्या वहीत असा जामीन अजून कुणी पाहिलेला नाही.

१५.
नाताळ ऐन हंगामात येतो. वस्तीत म्हातारी माणसे, काही पोरे आणि शेड. बाकी मंडळी कोल्हापूर, सांगली, पार बेळगावच्या फडांवर. पास्टरांनी ठरवले, आपणच फडावर जायचे. मुकादमाला फोन केला.
"या की साहेब. गाडी भरली की करा प्रार्थना."