चालू आहे, पण जाणार आहे

आपल्या धंद्यात एक अवस्था सारखी येते. सिस्टिम आज व्यवस्थित चालू आहे, पण काही महिन्यांत तिच्या जागी दुसरी येणार आहे. मराठीत आपण "ते आता जाणारे हो" म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मेल लिहायला बसलं की गाडी अडते.

निम्मी जनता लिहिते 'डिप्रिशिएटेड'. अहो, तो घसारा! सीए लोकांचा शब्द. आपला शब्द 'डेप्रिकेटेड'. स्पेलिंगमध्ये फरक एका 'आय'चा. याचं मूळ लॅटिन, अर्थ साधारण 'प्रार्थना करून संकट टाळणे'. थोडक्यात, लिहिणारा हात जोडून सांगतोय, "बाबा रे, चालतंय, पण नको वापरूस." :)

पण कधी जाणार, हे हा शब्द सांगत नाही. जावाच्या 'डेट' क्लासमधल्या बऱ्याच मेथड्स 1997 साली डेप्रिकेट झाल्या, आजही चालतात. शेवटी 2017 मध्ये जावा 9 ने 'फॉर रिमूव्हल' अशी वेगळी खूण आणली. म्हणजे, आता मात्र खरंच काढणार!

'ऑब्सोलीट' त्याच्या पुढची पायरी. एचटीएमएलचा 'फॉन्ट' टॅग 1997 साली डेप्रिकेटेड होता, 2014 च्या एचटीएमएल 5 मध्ये ऑब्सोलीट झाला. 'एंड ऑफ लाइफ' म्हटलं की तारीख आलीच. पायथन 2 ची आधी 2015 ठरली होती, मग 1 जानेवारी 2020 झाली. त्या दिवशी कोणाचा प्रोग्रॅम बंद पडला नाही, फक्त दुरुस्त्या थांबल्या. 'फेज आउट' म्हणजे हप्त्याहप्त्याने निरोप, मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला 2023 मध्ये मिळाला तसा. आणि 'लेगसी'? जुनं, सगळ्यांना नकोसं, पण घर त्याच्यावरच चालतंय.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. एका प्रोजेक्टवर पाहिलंय. जुना पगार-रिपोर्ट बंद होणार होता. टीमने क्लायंटला कळवलं, 'डिप्रिशिएटेड' होतोय म्हणून. तिथल्या अकाउंटंट काकांनी तो घसाऱ्याचा मेल समजून बाजूला ठेवला. त्यांच्या दृष्टीने बरोबरच! महिनाअखेरीला रिपोर्ट निघेना. कंत्राटी कामगारांचे पगार दोन दिवस लांबले. ज्यांचा त्या शब्दाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या घरी हप्ता थांबला.

म्हणून माझं मत साधं आहे. 'डेप्रिकेटेड' प्रोग्रॅमरला लिहावं, त्याला कळतं. बाकीच्यांना सरळ लिहावं: अमुक तारखेपर्यंत चालेल, नंतर चालणार नाही, त्याऐवजी हे वापरा. समोरच्याला एवढंच हवं असतं, की माझ्या हातात किती दिवस आहेत?

असो. इंग्रजी थोडं कच्चं असलं तरी चालेल, तारीख पक्की हवी.